उजवं पाऊल आधी

खोतगावच्या अंगणवाडीत शिरायचं तर आधी वीतभर उंच उंबरा ओलांडावा लागे. वारणेनं पाच वर्षांत तीनदा गाव उठवलं, तेव्हापासून नदीकाठच्या सगळ्या सरकारी इमारतींना असे सिमेंटचे उंबरे घातले होते. उंबऱ्याला खाच, पुराच्या वेळी त्या खाचेत फळी बसवायची, म्हणजे पाणी बाहेर थांबतं म्हणे. पाणी किती थांबलं ते गावाला ठाऊक होतं, पण उंबरे मात्र पक्के झाले होते.

उंबऱ्याच्या आत, अगदी खेटून, करड्या रबराची एक पट्टी अंथरलेली होती. जेमतेम दोन पावलांत संपेल एवढी. नवखा माणूस तिला पायपुसणं समजून चपला घासायचा आणि अंगणवाडी सेविका उज्वला मगदूम यांचं बोलणं खायचा. त्या रबराच्या पोटात मोहरीएवढे हजारो दाबकण होते. कुठलं पाऊल किती जोरानं पडलं आणि किती वेळ टेकून राहिलं हे ते टिपत. चौकटीतला कॅमेरा पोर ओळखे, आणि भिंतीवरच्या पडद्यावर पोराच्या नावापुढं हिरवा, पिवळा नाहीतर लाल ठिपका उमटे. हिरवा म्हणजे चाल ठीक, पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, लाल म्हणजे दवाखाना. सगळे तिला चालपट्टी म्हणत.

“उजवं पाऊल आधी!” उज्वलाबाई रोज सकाळी दारात उभ्या राहून सांगत. पट्टी आली तीन वर्षांपूर्वी, बाई सांगत होत्या सव्वीस वर्षं. एखादं पोर डाव्या पायानं आत आलंच, तर त्याला परत बाहेर धाडत. “लक्ष्मी काय डाव्या पायानं येती व्हय रे घरात? जा, नीट ये.”

या दारातून आत गेलेली दोन पिढ्यांची माणसं अजूनही सासरी, बँकेत, तहसील कचेरीत उजवं पाऊल आधी टाकत होती. बाईंना त्याचा अभिमान होता. तसा त्यांना पट्टीचाही होता. भिंतीवर जिल्ह्याचं प्रमाणपत्र लावलेलं होतं, ‘आदर्श चालपट्टी केंद्र’. तीन वर्षांत अकरा पोरं या पट्टीनं वेळेवर पकडून दिली होती, आणि एकदाही खोटी ओरड केली नव्हती. प्रमाणपत्राशेजारी आदिराज चौगुले या पोराचा फोटो होता. ज्याचा तोल दिवसागणिक सुधारे त्याच्या नावापुढं पडद्यावर चांदणी उमटायची, आणि आदिराजइतक्या चांदण्या कुणालाच मिळाल्या नव्हत्या. तो आता दुसरीत, त्याच आवारातल्या शाळेत होता.

सोमवारी दुर्वा लोहारला चांदणी मिळाली.

दुर्वा पाच वर्षांची, सगळ्या अंगणवाडीला पुरून उरेल एवढी बोलकी. आदल्या आठवड्यात सर्दीनं घरी होती, म्हणून बोलायचं बरंच साठलं होतं. तरी त्या दिवशी ती गुपचूप आत आली, उंबऱ्यावरून अलगद उतरली, आणि पडद्यावर चांदणी चमकली. ‘तोल सुधारला.’ बाईंनी पोरांकडून टाळ्या वाजवून घेतल्या.

दुपारी मात्र दुर्वा लंगडीच्या डावात उतरली नाही. भिंतीला टेकून बसली. “बाई, गुडघा दुखतोय,” म्हणाली. बाईंनी उजव्या गुडघ्याला मलम चोळलं. गुडघ्याला ना सूज, ना खरचटलेलं.

मंगळवारी ती अंगणात चक्क लंगडत होती. बाईंनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. मग पडद्याकडं पाहिलं, तर तिथं हिरवा ठिपका. बाईंच्या डोळ्यांना चष्मा होता, पट्टीला नव्हता. काल टाळ्या मिळाल्या म्हणून आज नाटक चाललंय, असं त्यांनी स्वतःला समजावलं आणि खिचडीकडं वळल्या.

बुधवारी पिवळा ठिपका आला.

दुर्वाची आई सानिका हळदीच्या कारखान्यात पाकिटं भरायला जायची. ती पोरीला कडेवरून घेऊन आली होती, पण पट्टीवरून चालायला हवं म्हणून तिनं उंबऱ्याबाहेर खाली ठेवलं. दुर्वानं ओठ चावत उंबरा ओलांडला. पिवळा ठिपका पाहताच सानिका तशीच तालुक्याच्या दवाखान्यात गेली आणि दोन तासांनी बाईंना फोन केला. आवाज मोकळा झाला होता.

“मुल्ला डॉक्टरांनी बघितलं, बाई. खुब्याच्या सांध्याला तात्पुरती सूज आलीय म्हणाले. सर्दी होऊन गेली की येती म्हणे लहान पोरांना. दुखतं खुब्यात आणि पोरं दाखवतात गुडघा. सोनोग्राफीत थोडं पाणी दिसलं.”

“मग? सुई घालून काढायचं न्हाई ते पाणी?”

“न्हाई. पट्टीचा आलेख बघितला त्यांनी. पू झाला असता तर रोज चढत गेलं असतं, म्हणाले. हे आज सुरू झालंय आणि हलकं हाय. औषध दिलंय, आठ दिवस झोपवून ठेवा म्हणाले. देवच पावला, बाई. सुई म्हटल्यावर माझे हातपाय गळाले होते.”

“बरं झालं गं,” बाई म्हणाल्या आणि फोन ठेवला.

ठेवला खरा, पण त्यांना चैन पडेना. हे आज सुरू झालंय? गुडघ्याला मलम लावलं ते सोमवारी. लंगडताना पाहिलं ते मंगळवारी. पट्टी म्हणते बुधवार. बाईंनी खिचडीत दोनदा मीठ घातलं, हजेरीत एका पोराला दोनदा मांडलं, घरी जाऊन भाकरी करपवली. नवऱ्यानं विचारलं, तर त्याच्यावरच खेकसल्या. सव्वीस वर्षं पोरांत काढलेली बाई. पोर नाटक करतंय की खरंच दुखतंय हे तिला कळू नये? आणि कळलं होतं, तर ती गप्प का बसली? याचं उत्तर त्यांना माहीत होतं, आणि तेच टोचत होतं. पट्टीपुढं आपलं हसं होईल, म्हणून त्या गप्प बसल्या होत्या.

गुरुवारी सकाळी रांग लागली. बाई दारात उभ्या होत्या, पण बोलत नव्हत्या, नुसत्या ऐकत होत्या. पोरं उंबऱ्यावरून उतरत होती. धप्प, टप. धप्प, टप. एवढ्या वर्षांत हा आवाज त्यांनी कधी लक्ष देऊन ऐकला नव्हता.

रांगेत शहरातून नुकताच आलेला एक नवा पोरगा होता, मल्हार. त्याला कुणी काही शिकवलेलं नव्हतं. त्यानं डावं पाऊल टाकलं आणि आत आला. पिवळा ठिपका उमटला.

“उजवं आधी रे बाळा. जा, नीट ये,” बाईंच्या तोंडून सवयीनं निघून गेलं.

मल्हार बाहेर गेला आणि उजव्या पायानं आत आला. हिरवा.

बाईंनी त्याला थांबवलं. “पुन्हा जा. डाव्या पायानं ये.” पोरांनी कान टवकारले, बाई डाव्या पायानं या म्हणतायत! पिवळा. त्यांनी आणखी चार धडधाकट पोरांना डाव्या पायानं बोलावलं. दोन पिवळे, दोन लाल.

यंत्रातलं काही कळायची गरजच नव्हती, एवढं ते उघड होतं. पट्टी दोनच पावलांची. उंच उंबऱ्यावरून पहिलं पाऊल पडतं ते जोरानं, दुसरं हळू. आणि या दारातलं पहिलं पाऊल कायम उजवं, कारण बाईंनी दुसरं कुठलं टाकूच दिलं नव्हतं. बसवल्यावर पहिले पंधरा दिवस पट्टीनं इथल्या पोरांची चाल शिकून घेतली होती, आणि शिकली होती ती एवढंच, की खोतगावची पोरं उजवा पाय आपटून चालतात. डावा पाय दुखणारं पोर उजवा आणखी आपटे, पट्टी लगेच लाल होई. पण उजवा दुखणारं पोर तो हलका टाके, दोन्ही पाय सारखे पडत, आणि पट्टी त्याला शाबासकी देई.

सोमवारची चांदणी आठवली आणि बाईंना स्वतःच्या टाळ्या आठवून लाज वाटली. पट्टीला शिकवलं होतं ते त्यांनीच.

“शेवंता, पोरं सांभाळ,” त्यांनी मदतनीस बाईला सांगितलं आणि स्कूटर काढली.

सानिकाच्या घरी दुर्वा पलंगावर पडलेली होती. उजवा पाय गुडघ्यात वाकवून बाहेर टाकलेला. बाईंना बघून नेहमी अर्धा तास बोलणारी पोरगी भिंतीकडं तोंड करून राहिली. अंग तापलेलं होतं.

“रात्रीपासनं ताप हाय,” सानिका म्हणाली. “डॉक्टर म्हणाले होते थोडा ताप असतो.”

“पायावर उभी राहती का?”

“टेकतच न्हाई पाय. पण झोपवून ठेवा म्हणालेत ना?”

“सानिका, ऊठ. दवाखान्यात जायचंय. पट्टी चुकली. म्हणजे… मीच चुकले.”

वाटेत रिक्षात त्यांनी सगळं सांगितलं. सानिका स्वतः त्याच दारातून उजव्या पायानं शिकलेली. ती ऐकत गेली आणि तिचा चेहरा कठीण होत गेला.

“तुम्ही मंगळवारी बघितलं होतं?”

“बघितलं होतं.”

“आणि बोलला न्हाई?”

रिक्षावाल्यानं वेग वाढवला.

डॉक्टर इम्तियाज मुल्ला चाळिशीचा, शांत माणूस. त्यांनी दुर्वाचा पाय हळूच आत वळवून पाहिला, आणि दुर्वा किंचाळली. त्यांनी रक्त घेतलं. मग भिंतीवरच्या पडद्यावर आलेख उघडला. “हे बघा मगदूमबाई, काल मी हेच पाहिलं. मधल्या रेषेपासून पोर किती कललंय, एवढंच हा दाखवतो. सोमवारी शून्य, मंगळवारी हिरव्यातच, काल जेमतेम पिवळं. यात चढ कुठं आहे?”

“सोमवारचा शून्य खोटा हाय, डॉक्टर. आमच्याकडं धडधाकट पोर उजवीकडं कललेलं असतंय. उंबऱ्यामुळं. तिथनं मोजा.”

डॉक्टरांनी आदल्या महिन्याचे आकडे काढले आणि रेषा पुन्हा ओढली. ती घाटातल्या उतारासारखी तीन दिवस सरळ खाली आली होती.

“ताप एकशे दोन. पाय टेकत नाही. रक्तातली सुजेची पातळीही वाढलीय,” ते स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले. “दुर्वाची आई, आता मला थांबता येणार नाही. सांध्यातलं पाणी काढून बघावं लागेल. पू असेल तर आजच्या आज सांधा धुवायला हवा, नाहीतर मांडीच्या हाडाचा गोल झिजतो. तो पुन्हा येत नाही.”

“आणि पू नसला तर?”

“तर तुमच्या पोरीला उगाच सुई टोचली, असं होईल. चालेल मला.”

सानिकानं बाईंकडं न बघता कागदावर सही केली.

बाहेरच्या बाकावर दोघी दोन टोकांना बसल्या. बाई उठत होत्या, दारापर्यंत जात होत्या, परत येत होत्या. समोर आरोग्य खात्याचं पोस्टर होतं, ‘सुईविना निदान’, आणि त्यावर चालपट्टीवर उभं राहिलेलं हसरं पोर. ते पोरसुद्धा उजवा पाय पुढं टाकून उभं होतं. बाईंना ते पोस्टर फाडावंसं वाटलं. त्यांनी मनातल्या मनात गावदेवीला नवस बोलला, मग तो पुरेसा नाही असं वाटून वाढवला.

पाऊण तासानं डॉक्टर बाहेर आले. हातात बोटभर नळी. नळीतलं पाणी फिकट पिवळं होतं, पण आरपार दिसत होतं.

“पू नाही,” ते म्हणाले. “यंत्रानंही तपासलं, जंतू नाहीत. तात्पुरतीच सूज आहे. जरा जोराची आलीय, आणि ताप बहुधा सर्दीचाच उरलेला. पाणी काढल्यामुळं आता तिला हलकं वाटेल. दोन दिवस इथं ठेवू, मग घरी आठ दिवस झोपून.”

सानिका ढसाढसा रडली. मग पदरानं डोळे पुसून बाईंकडं वळली. “म्हणजे मशीनच बरोबर होतं की! उगाच टोचलं माझ्या पोरीला.”

बाईंना तेही गोड लागलं. खुशाल बोल बाई, पोरगी चालेल ना, बास. हसायला आलं, रडायलाही आलं, आणि दोन्ही एकदम झाल्यामुळं त्यांना ठसका लागला.

“मशीन बरोबर नव्हतं,” डॉक्टर म्हणाले. “उत्तर बरोबर निघालं, इतकंच.” त्यांचं लक्ष दोघींकडं नव्हतं. ते टेबलावरच्या पडद्यात काहीतरी शोधत होते. “मगदूमबाई, तुमच्या केंद्रानं तीन वर्षांत अकरा पोरं पाठवली माझ्याकडं.”

“व्हय. अकरा.”

“अकराच्या अकरा डाव्या पायाची आहेत.”

बाईंना आधी नीट कळलं नाही. “म्हणजे?”

“ही सूज काही पाय बघून येत नाही. डाव्या पायाची अकरा आली, तर उजव्याचीही तेवढीच असणार, थोडी इकडंतिकडं. ती पोरं कुठं गेली?”

“बरी झाली असतील,” सानिका म्हणाली. “आपोआप बरी होती म्हणालात की तुम्ही.”

“बहुतेक झालीच असतील.” डॉक्टरांनी चष्मा काढून डोळे चोळले. “पण लंगडणाऱ्या पोराला आम्ही सहा आठवड्यांनी पुन्हा बघतो ते उगाच नाही. एखाद्याची सूज तात्पुरती नसतेच. हाडाच्या गोलाला रक्त कमी पडत असतं आणि गोल हळूहळू ढासळत असतो. ते पोर फारसं रडत नाही, तापत नाही. महिनोन् महिने पाय जपून टाकतं, बस्स. लवकर कळलं तर वाचवता येतं.” ते बाईंकडं वळले. “असे उंबरे आणखी कुठं आहेत?”

“नदीकाठच्या सगळ्या गावांत,” बाई म्हणाल्या. “आणि उजवं पाऊल आधी, हे तर सगळ्याच बाया शिकवतात. शिवाय आमचं केंद्र आदर्श… बाकीच्या पट्ट्यांना शिकवायला आमचेच आकडे नेले होते.”

डॉक्टरांनी जिल्ह्याला फोन लावायला घेतला. बाई उठल्या.

अंगणवाडीपाशी त्या पोचल्या तेव्हा शाळा सुटत होती. आतली पोरं घरी गेली होती, शेवंता अंगण झाडत होती. बाई थेट भिंतीपाशी गेल्या. ‘आदर्श चालपट्टी केंद्र’. शेजारी आदिराजचा हसरा फोटो आणि त्याभोवती चिकटवलेल्या कागदी चांदण्या. त्यांनी त्या मोजल्या. सत्तेचाळीस. सगळ्या एकाच वर्षातल्या. एका पोराचा तोल वर्षभर सुधारत राहिला, आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

त्यांनी दारातून आवाराकडं पाहिलं. दुसरीची पोरं दप्तरं उडवत पळत होती. सगळ्यांच्या मागं आदिराज येत होता. तो पळत नव्हता. अंगानं जरासा झुकून, दर पावलाला खांदा हलवत चालत होता. बापाची चाल उचललीय, असं गाव कौतुकानं म्हणायचं. बाईही म्हणाल्या होत्या, गेल्याच महिन्यात, त्याच्या आईपाशी.

“आदिराज!” त्यांनी हाक मारली. आवाज नको तेवढा मोठा निघाला. “ये बाळा, इकडं ये जरा.”

पोरगा खूश होऊन वळला. अंगण ओलांडून यायला त्याला बराच वेळ लागला, की बाईंनाच तसं वाटलं, कोण जाणे. त्या प्रत्येक पाऊल बघत होत्या. उंबऱ्याबाहेर तो थांबला. भिंतीवरचा पडदा उजळला होता, त्याचं नाव अजून ओळखत होता. आदिराजनं चपला काढल्या, नीट जोडून ठेवल्या, हात चौकटीला टेकवला, आणि शहाण्या मुलासारखं बाईंकडं पाहून विचारलं,

“बाई, उजवं पाऊल आधी ना?”